रूपरावांनी शोधलेली घरघर

रूपराव उमाट्यांना एका जागी स्वस्थ बसवत नसे. सिंदी रेल्वेच्या पोस्टात ते तारबाबू होते, म्हणजे कामच मुळी बसून करायचं. पण खुर्चीवर बसल्या बसल्याही त्यांचा एक पाय हलत असायचा. घरी जेवताना डाव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर वाजत राहायचं, कडकट्ट, कडकट्ट. जयवंताबाईंच्या संसाराला बारा वर्षं झाली होती, तरी तो आवाज त्यांना काही खपत नव्हता.

माणूस मूळचा सेलूकडचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. भाऊ अजून वांगी-मेथी करत होते. रूपरावांना ते जमलंच नसतं. बी टाकायचं आणि उगवायची वाट पाहायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. तार त्यांना आवडली ती त्यामुळे. इकडे बोट दाबलं की तिकडे वर्ध्याला खटका वाजतो, मध्ये वाट पाहणं नाही.

पण त्याच त्याच मजकुराचा कंटाळा यायला दहा वर्षं पुरली. कोणी वारलं, कोणी पास झालं, कापसाचा भाव काय. नागपूरला जुन्या बाजारात त्यांना लष्कराने टाकून दिलेला एक रेडिओ मिळाला, पेटीसारखा जड, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्याची चकती फिरवताना एके ठिकाणी तारेचीच भाषा ऐकू आली. फक्त खटके नव्हते, बारीक शिट्ट्या होत्या. दोन खटक्यांमधली फट मोजणाऱ्या कानाला शिट्टीची लांबी मोजायला तीन आठवडे लागले. मग कळलं की ही माणसं सरकारी नाहीत, पगारी नाहीत. परवाना काढून, स्वतः यंत्र बांधून, जगभर एकमेकांना नुसती हाक मारतात.

रूपराव नागपूरला जाऊन परीक्षा देऊन आले. परवान्यासाठी दोन वर्षं गेली. चौकशीला आलेल्या हवालदाराने, तुम्ही परदेशाशी बोलणार काय, असं विचारलं आणि रूपरावांनी हो म्हणून टाकलं. जयवंताबाईंनी घाईने चहा पुढे केला नसता तर तो कागद तिथंच अडला असता. अठ्ठ्याहत्तर साली परवाना हातात आला. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जमवून त्यांनी प्रक्षेपक बांधला, आणि चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यावर दिवसाढवळ्या हैदराबाद, बंगलोर, इंदूर अशी माणसं भेटू लागली.

वर्षभर बरं गेलं. मग पाय पुन्हा हलायला लागला. चाळीसवर सगळेच जातात. त्यांना त्याखालचा, ऐंशी मीटरचा पट्टा खुणावू लागला. तो पट्टा मोठा हट्टी. उन्हाळा-पावसाळ्यात दूरच्या विजांनीच भरून जातो. हिवाळ्यात, सूर्य उगवायच्या जरा आधी नाहीतर मावळल्यावर, थोडा वेळ त्याचं दार किलकिलं होतं. आणि एरियलची तार हवी चाळीस मीटर लांब, तीही उंच. एक टोक घरामागच्या कडुलिंबाला बांधता आलं. दुसऱ्या टोकाला शेजारच्या तानबाच्या वांग्यांच्या बांधावर तीन बांबू एकाला एक जोडून उभे करावे लागले. तारेने पाऊस पळतो, असं कोणीतरी तानबाच्या कानात घातलं होतं. रूपरावांनी त्याला दोन वेळा समजावलं, तिसऱ्या वेळी त्याच्या मुलीच्या लग्नाच्या सगळ्या तारा स्वतःच्या हाताने आधी पाठवायचं कबूल केलं, तेव्हा बांबू उभे राहिले.

एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर ते रोज पहाटे उठून कानाला हेडफोन लावून बसू लागले. आणि पंधराच दिवसांत ती घरघर सुरू झाली.

गिरणीत दगड अडकावा तशी. सगळा पट्टा तिने झाकून टाकला. रूपरावांनी तार खाली घेतली, सांधे घासले, पुन्हा वर चढवली. घरातले दिवे घालवून पाहिले. काही फरक नाही. त्यांची चिडचिड वाढली. पोस्टात एका तारेत गावाचं नाव चुकलं, असं कधी झालं नव्हतं. मग एके संध्याकाळी गावाची लाईट गेली, आणि बॅटरीवर चालणाऱ्या त्या पेटीत एकदम शांतता झाली. शांततेत कुठली तरी शिट्टी अगदी स्वच्छ आली. पाच मिनिटांनी लाईट आली, गावात मुलं ओरडली, आणि घरघर परत आली.

म्हणजे रोग विजेच्या तारांत होता. पण कुठे?

दुसऱ्या दिवसापासून सिंदीच्या लोकांना एक नवीन तमाशा दिसू लागला. तारबाबू खिशातला ट्रान्झिस्टर हातात धरून, त्याचा काटा दोन रेडिओ स्टेशनांच्या मधे लावून, रस्त्यात उभे राहायचे आणि जागच्या जागी गोल फिरायचे. ट्रान्झिस्टरचं एक टोक आवाजाच्या दिशेला गेलं की घरघर मंदावते, हे त्यांना ठाऊक होतं. मंदावली की ते तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर रेघ ओढायचे आणि पुढच्या चौकात जाऊन पुन्हा फिरायचे. जयवंताबाईंना बाजारात बायका विचारू लागल्या, बाबूजींची तब्येत बरी आहे ना.

चौथ्या दिवशी सगळ्या रेघा रेल्वेलाईनच्या पलीकडे, मळ्यांतल्या विहिरीजवळ एकमेकींना छेदल्या. तिथे विजेचा एक खांब होता, आणि त्याला तोलून धरणारी ताणाची जाड तार जमिनीत गाडलेली होती. रूपराव जवळ गेले तसा ट्रान्झिस्टर किंचाळायला लागला. विहिरीलगत मेथी लावणारी विधवा शकुबाई पाणी भरत होती. तिची म्हैस मात्र लांब, बाभळीला बांधलेली होती. रूपरावांनी सहज विचारलं, म्हैस नेहमी तिथेच असते का.

"नाई बाबूजी, या तारेलेच बांधत होतो आतालोक. आठ दिवस झाले, जवळ नेली का दोर तोडून पळते. जनावराले काय झालं, काही समजत नाई."

रूपरावांच्या पायातली चुळबूळ एका क्षणात थांबली. आठ दिवसांपूर्वीपासून घरघर वाढली होती. पहाटे, दव पडल्यावर, ती सगळ्यात जास्त असायची. आणि पहाटेच बायका ओल्या हातापायांनी या विहिरीवर यायच्या.

"शकुबाई," ते म्हणाले, "या तारेले हात लावजो नोको. कोणालेच लावू देजो नोको. ह्यात करंट उतरून राह्यला."

तिथून ते सरळ वीज कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने ऐकून घेतलं आणि रेडिओच्या आवाजाची तक्रार लिहायला आपल्याकडे वही नाही, असं सांगितलं. आवाजाची नाही, जिवाची तक्रार आहे, असं रूपराव म्हणाले तेव्हा त्याने विचारलं, कोणाला झटका बसला का? नाही ना, मग? नत्थू नावाच्या लाईनमनला त्यांनी रस्त्यात गाठलं. साहेबाच्या चिठ्ठीशिवाय मी खांबावर चढत नाही, असं तो म्हणाला, आणि त्याचंही खरंच होतं.

रूपरावांनी बाभळीच्या फांद्या आणून खांबाभोवती आणि ताणाच्या तारेभोवती काट्यांचं कुंपण केलं. तेवढ्याने जीव थाऱ्यावर येईना. मग ते रोज पहाटे रेडिओसमोर बसायचं सोडून विहिरीवर जाऊन उभे राहू लागले. हिवाळ्याचे मोजके दिवस, पट्टा उघडण्याची ती एकच वेळ, आणि हे कानाला मफलर गुंडाळून खांबाभोवती येरझाऱ्या घालतायत. येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगायचं. पोस्टात पोचायला दोनदा उशीर झाला, पोस्टमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. त्यांनी तो खरा खरा लिहिला, त्यामुळे कोणाला पटला नाही.

सातव्या सकाळी दाट धुकं होतं. तानबाची शेळी दावं तोडून, रेल्वेलाईन ओलांडून मळ्यात शिरली आणि बाभळीच्या शेंगांच्या वासाने काट्यांमधून आत घुसली. रूपराव धावले, पण मधे चार पावलं होती. शेळी ताणाच्या तारेला टेकली, ताठ झाली आणि तिथेच पडली. तानबा मागून पळत येत होता, तो तिला ओढायला वाकणार तोच रूपरावांनी त्याला मागून कमरेला मिठी मारली. दोघं मेथीच्या वाफ्यात पडले. तानबा शिव्या देत होता; रूपराव सोडायला तयार नव्हते.

त्यानंतर चिठ्ठी अर्ध्या तासात आली. वीज बंद करून नत्थू चढला. विजेची तार खांबापासून अलग ठेवणारी वरची चिनी मातीची वाटी उभी तडकली होती, तारेचं एक सुटं टोक खांबाला टेकत होतं. नत्थू खाली उतरला. म्हणाला, "बाबूजी, मले वाटलं तुमाले गाणे आयकाचे आहेत म्हून."  दोन दिवसांनी तानबाने टोपलीभर वांगी जयवंताबाईंच्या ओट्यावर आणून ठेवली.

जानेवारीत एका पहाटे, पूर्व उजळायच्या आत, रूपरावांना फिनलंडमधला एक माणूस सापडला. शिट्टी अशी थरथरत येत होती की जणू पाण्याखालून. त्यांनी हाक दिली. सहाव्यांदा उत्तर आलं. घाईघाईने एकमेकांची नावं, गावं, आवाज किती येतो तेवढं झालं, आणि उजेड पडताच तो बुडाला.

मार्चमध्ये, बोलणं झाल्याची खूण म्हणून, त्याचं कार्ड आलं, बर्फात उभ्या असलेल्या उंच खांबाचं. जयवंताबाईंनी ते उलटसुलट पाहिलं.

"काय बोलले थे?"

"त्यानं माहं नाव विचारलं, म्या त्याचं विचारलं. मंग दिवस निंघाला."

"एवढ्याच्यासाठी?"

"हाव," रूपराव म्हणाले.

त्यांनी कार्ड परत घेतलं, फोटोतला खांब किती उंच असेल याचा बोटांनी अंदाज करू लागले. पुढे पंच्याऐंशीत त्यांची बदली कारंजा घाडग्याला झाली. हायवेला लागून खोली मिळाली, समोर ढाबा, दिवसरात्र ट्रक. सामान अजून उतरायचं होतं. जयवंताबाईंनी चूल कुठे मांडायची ते विचारलं, तर रूपराव खोलीत नव्हतेच. ते ढाबेवाल्याशी बोलत होते. त्याच्या मागच्या चिंचेच्या झाडाची उंची किती, आणि वर चढायला त्याची काही हरकत आहे का.