‘इतर’मधली चिठ्ठी

मेहनाजशी वाद घालू नये, हे आमच्या संस्थेत नवा माणूसही आठवड्यात शिकतो. माकणीची ही बाई गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना ऐकायचं मशीन बसवून देते. कानापाशी तोंड नेऊन एकच गोष्ट चारदा सांगते आणि कंटाळत नाही. पहिलं मशीन तिनं आपल्या आईलाच, सायराबींनाच बसवलं होतं. घरी दोघीच असतात.

यंदा कळलं, की बऱ्याच जणांनी मशीन काढून ठेवलंय. का, ते विचारायला आम्ही घरोघरी गेलो. ज्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर उतरवायचं, नाव लिहायचं नाही. आपल्या घरच्या माणसाला आपणच विचारायचं नाही, दुसऱ्यानं जायचं, हा नियमही मेहनाजचाच. मग एका दुपारी ती, मी आणि योगीराज ऑफिसात सतरंजीवर चिठ्ठ्या पसरून बसलो. सारख्या म्हणण्याच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवायच्या आणि गठ्ठ्याला नाव द्यायचं. टोचतं. शिट्टी वाजते. सेल मिळत नाहीत. लाज वाटते. कुठंच न बसणाऱ्या चिठ्ठ्या ‘इतर’मध्ये. तो गठ्ठा अहवालात जात नाही.

एक चिठ्ठी योगीराजनं न वाचताच ‘इतर’मध्ये सरकवली. मेहनाजच्या नजरेतून काय सुटतंय? तिनं ती उचलून मोठ्यानं वाचली.

“मशीन लावून दिवसभर बसले. कुणीबी हाक मारली न्हाय. मग काढून ठिवलं.”

चिठ्ठी तिनं योगीराजपुढं धरली.

“ही ‘इतर’ कशी?” मेहनाज म्हणाली.

“मशीनबद्दल कुठं हाय ती, ताई? राहू द्या.”

त्यानं ती परत ठेवली, तिनं परत उचलली. योगीराज तसा गरीब, कधी उलटून बोलत नाही. आज याच्या अंगात काय आलंय, मला कळेना.

“कुणाच्या घरचं हाय हे? मी जाऊन बोलते त्यांच्याशी. जनाची न्हाय तर मनाची तरी लाज वाटू दे त्यांना.”

योगीराज खाली बघत राहिला. माकणीतल्या सगळ्या घरांत, मेहनाजच्याही, तोच गेला होता. हे मला आठवलं, तेव्हाच तिलाही आठवलं असावं. तिचा चेहरा उतरला. मला तिच्याकडं बघवेना.

तिनं चिठ्ठी फाडली नाही की लपवली नाही. सतरंजीच्या मधोमध ठेवली. जरा वेळानं मी ‘सेल मिळत नाहीत’मधली एक वाचली, “ल्योक सेल आणतो म्हणला, आलाच न्हाय,” आणि त्या चिठ्ठीशेजारी ठेवली. योगीराजनं ‘लाज’मधून दोन आणल्या. हळूहळू तोच गठ्ठा सगळ्यांत मोठा झाला. त्याचं नाव मेहनाजनं स्वतः लिहिलं: बोलायला कुणी नाही.

संध्याकाळी मी तिला स्कूटीवरून माकणीला सोडलं. सायराबी दारापाशी तांदूळ निवडत होत्या. मेहनाजनं कपाटातून मशीन काढलं, नवा सेल घातला आणि आईच्या कानात बसवलं. सायराबींनी सूप बाजूला सारलं, घाईघाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्त्याकडं बघू लागल्या.

“कोन आरा है?” त्यांनी विचारलं.

“कोई नै, अम्मी,” मेहनाज त्यांच्यासमोर बसत म्हणाली. “मैंच आई.”