पुढच्या खोलीतल्या मशीनची सिस्टीम

२०२४ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो आणि प्रकाशा गावातलं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली होती. शाळा तिसरीपर्यंतच. पण पाण्याची मोटार नुसती कानानं ऐकून तिच्यात काय जळालंय ते सांगायचो, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आसपास बायकोला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात तेवढा राहिला. बोटं आत वळलेली. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत राहा म्हणाले. तिनं तो दोनदा दाबला आणि म्हणाली, "मी काय न्हानी पोर शे?" चेंडू खाटेखाली गेला.

सून आमच्याकडे राहून तळोद्याला शाळेत शिकवते, मुलगा सुरतेला असतो. त्याचा खेळ खेळायचा जुना कॉम्प्युटर सुनेनं दिवाळीत आणवला आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. त्यात ट्रक चालवायचा खेळ होता. कंट्रोलर म्हणून एक यंत्र असतं, ते दोन्ही हातांत धरायचं. डाव्या अंगठ्यानं गाडी वळवायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं खटका दाबला की ती पळते. बोटाचा जोर जितका, तितका वेग. माझ्या बायकोनं उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. पहिल्या दिवशी ट्रक जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी बैलगाडीच्या चालीनं निघाला. ती घामाघूम झाली होती आणि हसत होती. झटक्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सुनेनं सुरुवातीलाच सांगितलं होतं, "आबा, यामा विंडोज शे. मी त्यानी जागे लिनक्स सिस्टीम टाकी देस. बटन दाबं का सरळ खेळ उघडस, टीव्हीसारखा. पासवर्ड नही, माऊस नही."

"ते बिघडनं तर शहादाना बाजारमा दुरुस्त करनारा कोन शे?"

"मी शे ना."

"तू शाळामा. मंग?"

माझ्या धंद्यातला नियम साधा होता. ज्या मोटारीचा माल आणि मिस्त्री गावात मिळतो तीच घ्यायची, दुसरी कितीही चांगली असो. बाजारातली सगळी दुकानं ज्याच्यावर चालतात तेच विंडोज आपल्याकडे राहू दे, असं मी म्हणालो. सून "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मला कळतो. पण घरात शेवटचा शब्द माझा, आणि तो होऊन गेला होता.

मग रोज सकाळी बायको हाक मारायची, "ऐकं का!" मी मशीन चालू करायचो, सुनेनं कागदावर ठळक लिहून दिलेला पासवर्ड एकेक अक्षर शोधून टाकायचो, माऊस घेऊन ट्रकच्या चित्रापर्यंत जायचो आणि मग शेजारी बसून "दाब वं, दाब! घाट शे!" असं ओरडायचो. ती म्हणायची, "तुमीच उतरा न् धक्का मारा."

एका दुपारी सून शाळेत असताना पडदा अचानक बदलला. इंग्रजीत काहीतरी लिहून आलं आणि मधोमध ठिपक्यांचं चाक गरगरत राहिलं. अर्धा तास झाला, तरी तेच. मी पेटीवर हात ठेवला. गरम. आत पंखा घूं घूं करत होता. आता चाळीस वर्षं माणसानं जे पाहिलं तेच त्याचा हात करणार. मोटार घुमते, गरम होते आणि पाणी ओढत नाही, म्हणजे विजेचा एक फेज गेला. तेव्हा विचार करत बसायचं नसतं. सप्लाय तोडायचा, नाहीतर कॉइल जळते.

मी पिन उपटली.

परत लावली तर ट्रक सोडा, विंडोजही आलं नाही. काळ्या पडद्यावर चार ओळी पांढरी अक्षरं.

"काय व्हयनं?" बायकोनं विचारलं.

"काही नही. लाइट कमी येस."

सुनेलाही तेच सांगितलं. तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, ती म्हणाली रविवारी बघते. तीन दिवस गेले. तेवढ्यात बायकोचा हात पुन्हा पदराखाली गेला. जेवताना पाहिलं, बोटं मिटलेली, अंगठा आत. मी माझ्या ताटाकडे बघत जेवलो.

रविवारी सून मशीनसमोर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, हाई स्वतःलेच नवं करी ऱ्हायनं व्हतं. मधमाच कोनी बंद करं?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आवाज आला. "मी करं. मन्हा पाय लागना पिनले."

पिन भिंतीवर माझ्या छातीइतकी उंच होती. सून तिकडं बघून म्हणाली, "आई, भलता लांब पाय शे तुमना."

"मी उपटी," मी म्हणालो. "मले वाटनं जळी ऱ्हायनं." सुनेसमोर चूक कबूल करायची माझी ती पहिली वेळ.

"मोटारले बरोबरच व्हतं, आबा," एवढंच ती बोलली.

आता सगळं नव्यानं टाकायचं होतं. कोणतं टाकू म्हणून तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी बायकोला विचारलं, "तुले कोनतं जोयजे?" हे मी आधी का विचारलं नव्हतं, कोण जाणे.

"मले काय समजस त्यामा?"

"तरी सांग."

ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमले हाक मारनी पडाव नही, अशं."

मला लागलं. खोटं कशाला लिहू? सकाळच्या त्या हाकेसाठी मी तासभर आधीपासून ओट्यावर कान लावून बसायचो.

"मंग मी काय करू?"

"बठा ना आठे. चहा प्या."

"टाक लिनक्स," मी सुनेला म्हणालो.

संध्याकाळपर्यंत झालं. पडद्यावर सरळ खेळांची चित्रं आली, पासवर्डचा कागद मी फाडून टाकला. बायकोनं स्वतः ट्रक उघडला. पण तीन दिवसांत बोटातला जोर गेला होता. गाडी पुन्हा बैलगाडी झाली. माझ्या हेक्याची ही शिक्षा तिनं भोगली. खेळून झाल्यावर तिनं पडद्यावरूनच मशीन बंद केलं आणि भिंतीवरचं बटण बंद करायला मान वर केली. हात तिथवर जाईना. "ऐकं का..." म्हणाली आणि मध्येच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून शाळेला निघायच्या आत मी मेन स्विच पाडला, भिंतीवरचा बोर्ड खोलला, वायर दोन हात वाढवली आणि बोर्ड तिच्या खाटेशेजारी खाली आणून बसवला. डाव्या बाजूला तिला सोपं पडलं असतं. मी उजव्या बाजूला बसवला, आणि बटण निवडून थोडं कडक लावलं.