हा हात गेला तर?

धडधाकट माणसाकडे पाहून, तो निकामी झाल्यावर त्याचं कसं होईल याची इतक्या मायेने काळजी करणारा माणूस माझ्या साडूंखेरीज अख्ख्या भोपाळात झाला नाही. टाउनशिपमध्ये लोक त्यांना 'काळी जीभ' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा ते पुसण्याचं कामही माझंच.

साडू कारखान्याच्या चाचणी विभागात इंजिनिअर होते. यंत्राचा भाग घ्यायचा आणि तो तुटेपर्यंत त्यावर भार टाकायचा, ही त्यांची नोकरी. संध्याकाळी ही सवय गेटवर ठेवून यायला ते विसरत. खाजगी विमा कंपन्यांचे एजंट कॉलनीत फिरू लागले, तेव्हा शेअर बाजाराबरोबर वाढणाऱ्या पॉलिसींचे चढते आलेख पाहून आम्ही सगळे हरखलो. साडू म्हणाले, "हे राहू द्या. माणूस मेला नाही, नुसता मोडला, तर हप्ता कोण भरणार?" अपंगत्व आल्यास हप्ता माफ करणाऱ्या जोडकलमाला एजंट 'रायडर' म्हणत. साडू त्याला 'स्वार' म्हणत आणि बाजारात घोड्याचे दात तपासावेत तसे दोन कंपन्यांचे स्वार तपासत. एकीचा स्वार माणसाला 'कोणतंही काम' जमेनासं झालं तरच धावून येई. दुसरीच्या स्वाराला माणसाचं 'आपलं काम' सुटलं तरी पुरे. या फरकावर ते सोनागिरीच्या भाजीबाजारात, पंगतीत, कुठेही बोलत. शेजारच्या शर्मांच्या नव्या जावयाचा हात त्यांनी प्रेमाने हातात घेतला आणि विचारलं, "दामादजी, ये हाथ गया तो?" शर्माभाभी कडाडल्या, "भाईसाहब, शुभ-शुभ बोलिए! अभी मेहंदी नहीं उतरी!" एक एजंट तर हात जोडून म्हणाला, "सर, पॉलिसी ले रहे हैं या मेरी परीक्षा?"

मी ड्राफ्ट्समन. माझा हात म्हणजे त्यांच्या दृष्टीने चाचणीला आलेला नमुनाच. "साडूबुवा, हा थरथरला तर? ती पहिली कंपनी म्हणेल, नकाशे जमत नाहीत ना, मग गेटवर बसून शिट्टी वाजवा. तुम्ही 'आपलं काम'वालीच घ्या." कटकट मिटावी म्हणून घेतली.

काही वर्षांनी हात खरोखरच थरथरू लागला. रेघ सरळ येईना. कारखान्याने मला चौकशीच्या खिडकीत बसवलं. म्हणजे 'कोणतंही काम' मला जमत होतंच. तरीही हप्ता माफ झाला, तो साडूंनी निवडलेल्या त्या एका शब्दामुळे. पण मी कॉलनीभर सांगितलं ते एवढंच, की साडू बोलले आणि हात गेला. लोक हसले, मग जपून वागू लागले. बारशांची, डोहाळजेवणांची बोलावणी त्यांच्या घराला वळसा घालून जाऊ लागली. साडूंनी मला कधी जाब विचारला नाही.

पुढे त्यांचंच उजवं अंग लुळं पडलं. तेव्हा कळलं, की त्यांच्याकडे 'कोणतंही काम'वाली पॉलिसी होती. मधुमेहामुळे दुसऱ्या कंपनीने त्यांना घेतलंच नव्हतं. बसून करण्यासारखी कामं जमतील, असं सांगून कंपनीने माफी नाकारली. ते पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. साडू अर्ध्या तोंडाने, पण पूर्ण समाधानाने हसले. "बघा साडूबुवा! शिट्टीच वाजवायला सांगितली की नाही?"

तर नोंद असावी : माझ्या साडूंची जीभ काळी नव्हती. ती फक्त आमच्या आधी तिथे पोचत असे. ते गेल्यापासून भेटेल तो विचारतो, "हात कसा आहे?" मी "ठीक" म्हणतो आणि तो पुढे निघून जातो. "आणि हा गेला तर?" असं विचारून, खुर्ची ओढून समोर बसणारं मात्र आता कोणी नाही.