जीन्सच्या धाग्याचा लंबक

खिडकीच्या गजाला बांधलेला जाड पिवळा धागा, त्याच्या टोकाला लोखंडी नट, आणि संथपणे या भिंतीकडून त्या भिंतीकडे जाणारी त्याची सावली... भौतिकशास्त्र म्हटलं की मला अजून आधी बदलापूरच्या शाळेतला नववीचा तो वर्ग आठवतो. तो धागा मी लांबूनच ओळखला. उल्हासनगरच्या आत्याकडे शिवून झालेल्या जीन्सचे ढीग यायचे. त्यांचे लोंबते धागे कापून सुट्टीभर माझी बोटं निळी व्हायची, आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा, रंगाचा उग्र दर्प केसांतसुद्धा मुरून राहायचा.

त्या वर्षी त्या दर्पाची मला धास्तीच बसली होती. आठवीत विज्ञानात माझी दांडी उडाली होती आणि आईनं सरळ सांगून टाकलं होतं, "यंदाही आपटलीस, तर शाळा बास! आत्याकडे कायमची धागे कापायला जायचं."

सर नवे होते. पहिल्याच तासाला पुस्तक न उघडता त्यांनी हा लंबक टांगला. वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात, ते पाळीपाळीनं स्टॉपवॉचवर मोजून वहीत लिहायचं होतं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाचे चाळीस आले. माझे आले अडतीस. बाई गं! मी तो आकडा कागद झिजेपर्यंत खोडला आणि चाळीस लिहून मोकळी झाले.

मग सरांनी आकडे वाचायला लावले. चाळीस... चाळीस... सगळ्यांचे चाळीसच!

"काय रे, सगळ्यांचे अंगठे एकाच क्षणी पडले? मला बनवताय होय?" सर हसत बाकांमधून फिरू लागले आणि नेमके माझ्याच वहीपाशी थांबले. "इथं काय खोडलंस?"

"अडतीस, सर." वर्ग खो खो हसला. मला समोर आत्याचं घर दिसू लागलं.

"नट सोडल्या सोडल्या 'एक' म्हणालीस ना?"

"हो, सर."

"मग एकोणीसच हेलकावे झाले. शून्यापासून सुरू कर." मग ते वर्गाकडे वळले. "हिची चूक मला सापडली. तुमची कुठं शोधू? तुम्ही कुणी मोजलंच नाहीत!" जरा थांबून म्हणाले, "मी दहावीला विज्ञानातच नापास झालो होतो. दोन वर्षं उल्हासनगरला हेच धागे कापले, मग पुन्हा परीक्षेला बसलो. हा धागा तिथलाच आहे."

खरं सांगते, छातीवरचा धोंडा उतरला आणि मला चक्क रडू फुटलं. सरांनी खोडलेल्या जागी लाल शाईनं पुन्हा अडतीस लिहिले, खाली शेरा मारला – 'मोजलेले आहे. खोडू नये.'

आज सर नाहीत. ती वही आहे. मी अंबरनाथ पूर्वेला भौतिकशास्त्र शिकवते, आणि पहिल्या तासाचा पिवळा धागा अजून आत्याच देते. मुलं धडाधड आकडे वाचू लागतात – चाळीस, चाळीस – आणि माझा जीव टांगणीला लागतो... मग मागून कुणीतरी चाचरत म्हणतं, "बाई, माझे अडतीस आलेत," आणि मी हुश्श करते.