कडी आतून लागते

सुहासिनी गंधे हे नाव कोणत्याही फलकावर नाही आणि कधी लागणारही नाही. यवतमाळात ज्यांच्या नावाचे फलक आहेत त्यांतल्या निम्म्याअधिकांपेक्षा ही बाई मोठी होती, असं माझं मत आहे. पण मी पडलो सूतगिरणीचा स्टोअरकीपर. माझ्या मताला विचारतो कोण! म्हणून लिहून ठेवतो.

आमची गिरणी आर्णी रोडवर होती. आता तिथे पत्रे काढून नेलेला सांगाडा उरला आहे. मी सांगतो ते दिवस दोन हजार चार ते आठचे. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. शेतात एकदा आणि बाजारात एकदा मार खाऊन तो आमच्यापर्यंत यायचा, आणि आमचं सूत तरी कोण हौसेने घेत होतं? वरून तासन्‌तास भारनियमन. अशा ठिकाणी माणसं एकमेकांशी गोड बोलतील ही अपेक्षाच चूक. मॅनेजर सुपरवायझरांवर ओरडायचा, सुपरवायझर कामगारांवर, कामगार मशीनवर. मशीन तेवढी मुकाट्याने ऐकून घ्यायची.

त्यात गंधेबाई आल्या. वडील कोर्टात नाझर, भाऊ वकील, घरातल्या सगळ्यांचा जन्म खुर्चीत गेलेला. बाईंनी नागपूरला कापडाचा डिप्लोमा केला, लग्न केलं नाही, आणि चाळिशीला टेकल्यावर वाइंडिंग खात्याच्या सुपरवायझर म्हणून रुजू झाल्या. वाइंडिंग हे गिरणीचं शेवटचं खातं. लहान बॉबिनींवरचं सूत मोठ्या कागदी कोनांवर गुंडाळायचं, कोन गोण्यांत भरायचे, की माल तयार. तिथे सगळ्या बायाच कामाला.

पहिल्या दिवशी बाईंशी कोणी अवाक्षर बोललं नाही. शहरातली बाई, चार दिवसांत पळेल, असा आमचा अंदाज होता. संध्याकाळी त्या माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा वाटलं, राजीनाम्याला कागद मागतात की काय.

"इथे बायकांचा संडास कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग त्या जातात कुठे?"

"मागे तुरीचं वावर आहे, तिथे."

"आणि तूर कापल्यावर?"

मी स्टोअरच्या वहीत डोकं घातलं. सकाळपासून बाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या मॅनेजरच्या मागे लागल्या. नंदकिशोर खेडकर साहेब माणूस वाईट नव्हता, पण गिरणीच्या काळजीने त्याचं डोकं कायम चुलीवर. तो कडाडला, "गंधेबाई, गिरणी बुडून राहिली आहे आणि तुम्हाला संडास सुचतो?"

"बुडणाऱ्यालाही जावं लागतं, साहेब," बाई म्हणाल्या.

पावसाळा संपता संपता संडास उभा राहिला. गवंड्याने दाराला कडी लावली ती बाहेरून! आतून लावायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी ती काढायला लावली, माझ्या स्टोअरमधली जाड कडी घेतली आणि आतल्या बाजूने ठोकून होईपर्यंत गवंड्याच्या मागे उभ्या राहिल्या. मग खात्याला नियम घालून दिला. नवी बाई कामाला आली की आधी तिला संडास दाखवायचा आणि कडी लावून दाखवायची. मग पिण्याच्या पाण्याचा माठ, मग डबा टांगायचा खिळा. मशीन त्यानंतर. पहिल्या दिवशी तिने एकटीने जेवायचं नाही.

आम्ही पुरुष मंडळी खूप हसलो. "गिरणी आहे की माहेर?" असं मी स्वतः म्हणालो होतो.

सोनीबाई राठोड याच नियमाने आत आली. आर्णीकडच्या तांड्यावरची, अंगावर आरशांची कांचळी, दंडापर्यंत चुडा. मशीनींची देखभाल करणारा जॉबर म्हणाला, चुडा मशीनीत अडकेल, उतरवायला सांगा नाहीतर घरी पाठवा. सोनीबाई म्हणाली, "चुडा उतरवतेत थो नवरा मेल्यावर. माहा तं बाहेर सायकल धरून उभा हाये." बायकांत हशा पिकला. पण बाईंना जॉबरचं म्हणणंही खोटं वाटलं नाही, हात खरंच गेला असता. त्यांनी सगळ्याजणींना विचारलं, काय करायचं? दुपारच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायांनी चिंध्यांतून दोन घट्ट बाह्या शिवल्या आणि चुड्यावरून चढवल्या. चुडा शाबूत, हात शाबूत. जॉबर तेवढा हिरमुसला.

आता पहिल्या कपाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बाई येण्याआधी खराब कोन दाराशी खिळ्याला टांगायची रीत होती, खाली करणारीचं नाव. परिणाम काय? बाया खराब कोन लपवू लागल्या. एका वर्षी मागची तूर कापली तर वावरात आमचे कोन निघाले. गंधेबाईंनी तो खिळा उपटला. सकाळच्या चहाला किटली स्वतःच्या हातात घेतली आणि जाहीर केलं, "जी आपली चूक पकडली जायच्या आधी सांगेल, तिला पहिला कप. आणि सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही. हा माझा शब्द."

बाया कसल्या सांगतात! दुधाने तोंड पोळलेली माणसं ती. मग बाईंनी स्वतःपासून सुरुवात केली. काल मी गोण्यांचा हिशेब चुकवला, परवा मानीबाईवर उगाच चिडले. पहिला आठवडाभर पहिला कप त्यांनीच प्यायला. नंतर हळूहळू बाया बोलू लागल्या. कोणाची गाठ सुटली, कोणाचा कोन ढिला झाला. "आज पह्यला कप कोनाचा वो?" हा खात्यातला रोजचा विनोद झाला. चूक कळली की दुसरी लगेच शिकवायला धावायची. खराब माल निम्म्यावर आला. मी स्टोअरमध्ये बसून हे बघत होतो आणि माझं हसणं केव्हा बंद पडलं ते मलाच कळलं नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात आमच्याकडे भरवशाचं गिऱ्हाईक एकच उरलं, सोलापूरचा टॉवेलवाला. त्याला एकदा जाड आणि बारीक सूत मिसळून गेलं होतं. त्याने अख्खा ट्रक परत पाठवला आणि फोनवर सांगितलं, पुन्हा असं झालं तर संबंध संपला. खेडकर साहेबांनी दारावर नोटीस लावली. सोलापूरच्या मालात ज्याची चूक निघेल, तो त्याच दिवशी घरी जाईल.

बाईंनी नोटीस वाचली. त्यांचा शब्द आणि साहेबांची नोटीस एकाच दारातून कशी जाणार, हे त्यांना तेव्हाच दिसलं असणार. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी किटली नेहमीसारखीच उचलली.

आणि ते घडलं. सोलापूरचा ट्रक भरायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी लाइट गेली. बाया कंदिलाभोवती बसल्या. सोनीबाईला रिकामं बसवत नसे. लाइट आली की काम लगेच सुरू व्हावं म्हणून तिने कंदिलाच्या उजेडात रिकामे कोन निवडून ठेवले. जाड सुताला लाल टोकाचे, बारीक सुताला हिरव्या टोकाचे. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात लाल काय अन् हिरवं काय! दोन्ही मिसळले. लाइट आल्यावर घाईत कोणी टोकं पाहिली नाहीत, मशीनी सुरू झाल्या, जाड-बारीक मिसळलेला माल निघाला, गोण्या शिवल्या गेल्या, ट्रक भरला.

सकाळी ट्रक फाटकाशी उभा, ड्रायव्हर आरशाला अगरबत्ती ओवाळतो आहे, आणि मी गेटपासवर सही घ्यायला वाइंडिंगमध्ये आलेलो. बाईंनी किटली उचलली. सोनीबाई उन्हाच्या पट्ट्यात उभी होती, हातात उरलेले रिकामे कोन, लाल आणि हिरवे एकत्र. त्यांच्याकडे बघून तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. समोरच दारावर नोटीस. ते कोन ओच्यात लपवून ती गप्प बसली असती, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. सोलापूरला कळलं असतं, पण ते कोणाचं काम हे कधीच नाही.

ती पुढे आली. म्हणाली, "बाई, आजचा पह्यला कप मले द्या."

कोणीही हसलं नाही.

तिने सगळं सांगितलं. बाईंनी तिला कप भरून दिला. "तू पी," म्हणाल्या, आणि ज्या पळत सुटल्या! चाळिशी ओलांडलेली नाझराची लेक, पदर खोचून, हातात गरम किटली तशीच, फाटकाकडे ओरडत धावते आहे, "थांबव! ट्रक थांबव!" ड्रायव्हरला वाटलं, बाई त्यालाच चहा द्यायला येत आहेत. त्याने इंजिन बंद केलं.

खेडकर साहेब आले. "कोणी केलं?"

"मी केलं, सायेब," सोनीबाई म्हणाली. कप तिच्या हातात तसाच, अर्धा भरलेला.

साहेबांनी नोटिशीकडे बोट दाखवलं. "घरी जायचं."

बाई मध्ये आल्या. "साहेब, त्या नोटिशीवर तुमची सही आहे, आणि हिला शब्द दिलाय मी. हिला काढलंत तर मीही जाते. ट्रक आधी उतरवून देते, मग जाते. फक्त एक सांगा. उद्या दुसरीच्या हातून असंच झालं, तर ती तुम्हाला सांगेल?"

साहेब वळून माझ्यावर खेकसला, "तुम्ही काय बघता? गोण्या उतरवा!"

कोणत्या मशीनवर, केव्हापासून, हे सोनीबाईने नेमकं सांगितल्यामुळे मागच्या थोड्याच गोण्या फोडाव्या लागल्या. बाया, हमाल, जॉबर, सगळे बसले. मीही कोन बदलले, आणि अभिमानाने सांगतो, त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गिरणीचा माणूस झालो. ट्रक दिवस मावळायच्या आत गेला. गिऱ्हाईक टिकलं. सोनीबाई टिकली. साहेबांनी माफी मागितली नाही, त्याचा तो स्वभाव नव्हता. नोटीस उन्हाने पिवळी पडत तिथेच राहिली, तिच्याकडे बघणं सगळ्यांनीच सोडलं. पुढच्या वर्षी सोनीबाईला बाईंनी पाळीची मुकादम केली.

गिरणी मात्र टिकली नाही. दोन हजार आठच्या दिवाळीआधी ती बंद झाली, आणि यात कोण्या एकाची चूक नव्हती. शेवटच्या सकाळी बाईंनी किटली उचलली आणि खाली ठेवली. "आज पहिला कप मला," त्या म्हणाल्या. "आपण नीट राहिलो तर गिरणी चालेल, असं मी तुम्हाला सांगत आले. ते चुकलं माझं." सोनीबाईने किटली घेतली, कप भरून त्यांच्या हातात दिला. "प्या, बाई. सांगनाऱ्याची नोकरी जात नाई, तुमीच म्हन्लं होतं."

मला तेव्हा ते नुसतं समजूत घालणं वाटलं. पण तांड्यावरच्या माणसाची जीभ हलते तेव्हा पायही हललेले असतात. सोनीबाईला आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादमीचं बोलावणं आलं होतं. तिने मालकाला सांगितलं, देखरेखीले आमच्या बाईले घ्या, तं मी येतो. एक म्हातारा वजनकाट्यावर घ्या, हेही सांगितलं. तो म्हातारा मी.

दिवाळीनंतर आम्ही तिथे गेलो. कापसाच्या बैलगाड्यांची रांग, धूळ, अनोळखी चेहरे. गंधेबाई फाटकाशी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. माझ्या खिडकीशी आल्या होत्या तेव्हासारख्याच, फक्त केस पांढरे. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

सोनीबाई आतून धावत आली, चुड्यावर त्या जुन्याच बाह्या. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. तिने बाईंचा हात धरला आणि मशीनींवरून, ऑफिसावरून सरळ मागे नेलं. तिथे नव्या विटांची एक खोली होती. सिमेंट अजून ओलं होतं.

"हा संडास, बाई," ती म्हणाली. मग स्वतः आत जाऊन, दार ओढून तिने खटकन कडी लावून दाखवली. "पाहा, कडी आतून लागते."

गंधेबाई त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या आणि लहान पोरीसारख्या रडल्या.