उन्हाची मालकीण

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या गल्लीत ऊन सगळ्यांचं नव्हतं. ते घरमालकीण मावशीचं होतं. गच्चीच्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला असायची, आणि जिन्याच्या तोंडाशी, जिथे भरदुपारीही दिवा लावावा लागतो तिथे, ती खाट टाकून पहारा द्यायची. भाडेकरूंनी वर जायचं नाही, हा नियम होता. गेले की टाकीचं झाकण उघडं ठेवतात, पोरं पतंगापायी कठड्यावर चढतात, असं तिचं म्हणणं. गुडघ्यांमुळे ती स्वतःही वर जात नव्हती. म्हणजे वर ऊन एकटंच पडून राहायचं आणि त्याची मालकीण खाली अंधारात पाय चोळत बसायची. बंदोबस्त मात्र चोख होता.

मावशी आमच्याकडचीच, शिरपूरची. सुरतेत जन्म गेला, पण बोलणं अहिराणीच राहिलं. खाटेखाली तिचा गोळ्यांचा डबा असायचा. "लाल गोळी रगतले, पिवळी ताकदले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि कोणी नको म्हटलं तर रागवायची. तिच्या मते रंग जितका गडद तितका गुण जास्त. स्वयंपाकाची तऱ्हा याच्या उलट. मेथी आधी बारीक चिरायची, मग पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहायची, मग रंग जाईपर्यंत उकळायची आणि ते पाणीही ओतून द्यायची. त्यानंतर जेवायला बसताना एक हिरवी गोळी. भाजीत होतं ते मोरीत घालवायचं आणि तेच औषधाच्या दुकानातून परत आणायचं, असा तिचा कारभार.

एकदा ती दुकानदाराशी भांडून आली. पिवळ्या गोळ्या घेतल्यापासून लघवी पिवळी होते, म्हणजे गोळी गळकी आहे, असा आरोप होता. त्याने समजावलं की शरीर लागेल तेवढं ठेवून घेतं आणि उरलेलं पाण्यावाटे सोडून देतं. मावशीला ते मुळीच पटलं नाही. आयुष्यभर तिने काही सोडून दिलं नव्हतं, आणि तिचं शरीर तिला न विचारता उधळपट्टी करत होतं.

पुढे गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला हाडांसाठी व्हिटॅमिन डीची पुडी दिली. आठवड्यातून एकच घ्यायची, असं बजावलं. मावशीने रोज घेतली. आठवड्याने गुण येतो तर रोज घेतल्यावर लवकर येईल, हा हिशेब सरळ होता. पण ही पुडी गळकी नव्हती. ती चरबीत विरघळते आणि आतच साठून राहते. मावशीला उलट्या सुरू झाल्या, तहान भागेना, शेवटी सलाईन लावावं लागलं. माझे मालक कापडाच्या लूमवर कामाला. ते तिला बघायला गेले तेव्हा म्हणाले, "मावशी, लूमला तेल थेंबभरच लागतं. कापड काही तेलाचं होत नाही, पण तेलाशिवाय लूम अडतो. आणि जास्त ओतलं तर कापडावर डाग पडतात."

"मंग मी काय लूम शे?" मावशी म्हणाली. पण घरी आल्यावर तिने अख्खा डबा फेकून दिला, कामाच्या गोळ्यांसकट. तिला मधला रस्ता ठाऊकच नव्हता.

माझी काजल तेव्हा दोन वर्षांची होती. चालायला उशिरा लागली, आणि लागली तेव्हा तिचे पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले दिसायला लागले. दवाखान्यातल्या सिस्टरने थेंबांचं औषध दिलं आणि विचारलं, पोरगी उन्हात खेळते का. आमची खोली तळमजल्यावर, समोरची भिंत हाताला लागेल एवढी जवळ. मी ट्यूबलाइटखाली साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि काजल माझ्याजवळच बसून असायची. गल्लीत जरा ऊन उतरतं तेव्हाच नेमके कापडाच्या ताक्यांचे टेम्पो येतात. सिस्टरने सांगितलं की ऊन उघड्या कातडीवर पडलं की आत तेच व्हिटॅमिन डी तयार होतं, मग लिव्हर आणि किडनी त्याला कामाला लावतात, तेव्हा कुठे दुधातलं कॅल्शियम हाडापर्यंत पोचतं. नाहीतर दूध नुसतं येतं आणि जातं. आत्ता लक्ष दिलं तर पाय सरळ होतील, नाहीतर वाकडेच राहतील, असंही म्हणाली.

ऊन कुठे होतं ते मला ठाऊक होतं. मला मागता येत नव्हतं. मी वाक्य जुळवून जिन्यापर्यंत जायची आणि पाणी कधी येणार एवढंच विचारून परतायची.

शेवटी मावशीच म्हणाली, "पाणी त सकाळेच यी गयं. तू कसाले घिरट्या घाली रायनी?"

मी खाली बघत सांगितलं. मावशीने मोठ्या मनाने तिच्या पुढच्या खोलीतली काचेची खिडकी देऊ केली. तिथे सकाळी ऊन येतं, तिथे बसव म्हणाली. दवाखान्यात हे सांगितलं तर सिस्टर हसली. म्हणाली, काच ऊब आत सोडते, पण कातडीला जे हवं ते बाहेरच अडवते. आता हे मावशीला कोण सांगणार? तिच्या काचेने तिच्यासारखाच नियम केला होता.

पण एवढ्यात काजल मावशीची खाट धरून चालायला लागली होती. एके दिवशी मावशीने तिला जवळ ओढलं, दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून सांगितलं, "उद्या बिबड्या घालाना शेतस. तुनी पोर लई ये. राखणदार पाहिजे."

म्हणजे काजलला गच्चीवर घेऊन यायचं, ज्वारीच्या त्या ओल्या पापडांना दोन वर्षांची राखणदार. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लगेच विचारलं, मग भाडेकरूंचा नियम कुठे गेला?

"ती भाडेकरू नही, राखणदार शे."

"आणि तिची आई?"

"राखणदारनी माय."

काजल नुसत्या चड्डीवर, हातात काठी घेऊन जुन्या लुगड्यावरच्या बिबड्यांपाशी बसायची आणि कावळ्यांपेक्षा जास्त स्वतः खायची. बिबड्यांचे दिवस सरले, तरी मावशीची वाळवणं संपेनात. मिरच्या झाल्या, गहू झाले, मग त्याच बिबड्या पुन्हा. त्या इतक्या कडक झाल्या की तळताना कढईत दगड टाकल्यासारखा आवाज यायचा. घर वाळवणांनी भरलं, पण गच्ची भाडेकरूंसाठी उघडली असं तिने कधीच कबूल केलं नाही. शाळेत नाव घातलं तोवर काजलचे पाय सरळ झाले होते.

त्यानंतर मावशी मोरीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाडं भुसभुशीत झाली आहेत, आजींना ऊन मिळत नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. आणि ही अख्ख्या गच्चीची मालकीण. तिच्या मुलाने वर न्यायची तयारी दाखवली, तर म्हणाली, लोक बघतील, म्हातारी रिकामी उन्हात पडली आहे. कोणाचं ऐकेना.

मग काजल दप्तर अडकवून तिच्या खाटेपाशी उभी राहिली. "आजी, आईने बिबड्या घातल्यात. मला शाळा आहे. आता तू राख."

मावशीला सगळं कळलं होतं. कमरेची किल्ली काढून तिने काजलच्या हातात दिली, आणि मुलाने व माझ्या मालकांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं.

त्यानंतरचा पावसाळा तिने पाहिला नाही. पण तो उन्हाळा ती रोज वर बसली, पदर मांडीवर, हात उघडे. पहिल्याच दिवशी एक कावळा तिच्या पायाशी उतरला आणि बिबडी उचलू लागला. मी धावले, तर तिने काठी आडवी धरून मलाच थांबवलं.

"लई जाऊ दे," ती म्हणाली. "त्याले बी हाडं शेतस."