इथे फार शांत असते

वन्संचं पत्र आलं की वाचायचं काम माझ्याकडं असे. त्या वेळी गादीवर असलेल्या महाराजांना वाटे की मुलींनीही शिकावं, म्हणून माहेरी मला चार बुकं शिकवलेली. सासरी दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं. वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न होऊन ती मालवणाकडं एका बंदराच्या गावी गेली होती. नवरा तिथल्या जकातीच्या नाक्यावर कारकून. त्याच्याच हातून तिनं लिहवून घेतलं होतं : 'इकडे सर्व खुशाल. गाव डोंगराच्या उतारावर आहे, खाली समुद्र आहे. इथे फार शांत असते.'

आत्याबाई, म्हणजे माझी सासू, म्हशीची धार काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"शांत म्हंजे? तिच्यासंगं कोण बोलत न्हाय व्हय?"

"तसं न्हवं आत्याबाई. गावच शांत हाय."

"गाव कसं शांत असंल? मानसं न्हाईत त्यात?"

पुढच्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी बैलगाडी जुंपली. आत्याबाई, मी, गुळाच्या दोन ढेपा आणि चटणीचं गाडगं असे आम्ही फोंड्याचा घाट उतरून सहाव्या दिवशी दुपारी त्या गावाच्या पायथ्याशी पोचलो. पुढं गाडी जाईना, म्हणून हे बैलांपाशी खालीच राहिले. जांभ्या दगडाच्या पायऱ्याच होत्या. तिकडं त्याला पाखाडी म्हणतात. घरं एकावर एक रचल्यासारखी. खालच्या घराची कौलं संपली की तिथंच वरच्या घराचं अंगण सुरू. पहाटे समुद्रावर गेलेले पुरुष परत येऊन झोपले होते. लाटांशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

आत्याबाईंना चार शेतं पलीकडच्या माणसाशी बोलायची सवय. त्यांनी पदर खोचला आणि लेकीला एक हाक घातली. वर ओळीनं दारं उघडली. डोळे चोळत माणसं बाहेर आली. त्यांच्यातून वन्सं धावत खाली उतरली.

"आई, हळू की. सगळी निजल्यात."

"दुपारची? आजारी हाईत?"

जावईबापू हडकुळे, फार सभ्य आणि इतके हळू बोलणारे, की प्रवास बरा झाला का, असं त्यांनी विचारल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय बाबा, मी तंबाखू खात न्हाय."

जेवायला बांगड्याची आमटी होती. पहिला घास घेऊन आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. त्यांच्या मते ती कुजबूज होती. "मीठ कमी हाय."

थोड्या वेळानं वरच्या अंगणातून एक म्हातारी वाकली आणि तिनं नारळाच्या करवंटीतून मीठ खाली दिलं. "घ्या हो," एवढंच म्हणाली. वन्संनं कपाळाला हात लावला. पण आत्याबाईंना गावाचा शेजार फार आवडला.

संध्याकाळी त्या पुन्हा माझ्याजवळ कुजबुजल्या, "जावई किती वाळलाय. पोरगी धड घालत न्हाय वाटतं खायाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरातून घावणे आले, दुसऱ्या घरातून तळलेली सुरमई. दुपारपर्यंत ओसरीवर नऊ भांडी जमली. वन्सं रागानं लाल झाली. आईशी बोलेना, भांडी आपटत राहिली. जावईबापू मात्र एकेक झाकण उघडून नीट बघत होते. पाचव्या भांड्यापाशी त्यांचा आवाज आम्हाला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. "हे खेकडे कुणाकडचे?"

ते ऐकून वन्संला हसू फुटलं आणि अबोला सुटला.

चौथ्या दिवशी तिनं आम्हाला खाडीपलीकडच्या देवीला न्यायचं ठरवलं. काठावर दहाबारा माणसं होडीची वाट बघत बसलेली. होडी पलीकडं, आणि होडीवाला तिच्यात आडवा झोपलेला.

"कवा उठतोय त्यो?" आत्याबाईंनी विचारलं.

"उठेल तेव्हा," एक गृहस्थ म्हणाले.

आत्याबाई माझ्याकडं, मग वन्संकडं बघू लागल्या. परवानगी मागितल्यासारखं तोंड केलं होतं. वन्संनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मान डोलावली.

"ए होडीवाल्या!"

तो ताडकन उभा राहिला, होडी कलली आणि तो कमरेएवढ्या पाण्यात पडला. काठावरचे सगळे एकदम हसले. हसतानाही त्यांनी तोंडावर पदर, टोप्या धरल्या होत्या. होडीवाला भिजलेलाच आला आणि त्यानं आत्याबाईंना हात देऊन सगळ्यांच्या आधी बसवलं. वाटेत त्यानं घाबरतच विचारलं, बाई अजून किती दिवस राहणार?

आम्ही आणखी तीन दिवस राहिलो. निघताना वन्सं रडली, आत्याबाईही रडल्या. गाव पुन्हा एकदा दारात आलं.

घरी पोचल्यावर आळीतल्या बायका जमल्या. लेक सुखात हाय, असं आत्याबाईंनी सांगितलं. मग कुणीतरी विचारलं, "आणि समुद्र कसा हाय?"

आत्याबाईंनी जरा विचार केला.

"पाणी लई हाय," त्या म्हणाल्या, "पन म्हस तोंड लावायची न्हाय."